बालवर्गापर्यंत हवामानबदल कसा पोहोचला

हवामानबदल हा शब्द शाळेत अलीकडे आला असला, तरी लहान मुलाला त्याच्या भोवतालातूनच शिकवावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आणि १९५७ मध्ये सहकारी अनुताई वाघ यांच्यासह जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथे आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, खडे हीच शिक्षणाची साधने ठरली आणि गुरांमागे जावे लागल्याने जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणात नेण्यात आली. त्या कुरणशाळेत पर्यावरण नावाचा विषय नव्हता. पण पाहायला, वेचायला आणि प्रश्न विचारायला शिकवण्याची जी रीत तेथे रुळली, तिच्याइतका भक्कम पाया या विषयाला दुसरा नाही, असे मला वाटते.

पर्यावरण शिक्षणाला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली ती जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९७७ मध्ये झालेल्या युनेस्कोच्या परिषदेत. भारतात मात्र निर्णायक ठरले सर्वोच्च न्यायालय. पर्यावरणविषयक खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर नोव्हेंबर १९९१ मध्ये न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यास सांगितले आणि अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले. महाराष्ट्रातील प्राथमिक वर्गांत हा आशय प्रामुख्याने ‘परिसर अभ्यास’ या विषयातून पोहोचतो.

खरी अडचण येथूनच सुरू होते. परिसर डोळ्यांना दिसतो, हवामान दिसत नाही. हवामान म्हणजे ऊन, पाऊस, थंडी यांची साधारण तीस वर्षांची सरासरी, आणि सात वर्षांच्या मुलाला स्वतःच्या अनुभवातून ती कळणे शक्य नसते. कदाचित म्हणूनच १९९२ च्या हवामानविषयक जागतिक करारात शिक्षणासाठी स्वतंत्र कलम असूनही लहान वर्गांत बराच काळ ‘झाडे लावा’, ‘प्लास्टिक टाळा’ एवढेच सांगितले गेले आणि कोळसा, पेट्रोल व तापणारी हवा यांचा संबंध मागे राहिला. खोलीतला दिवा बंद करायला मुले तत्परतेने शिकतात, परंतु राज्यातील बरीचशी वीज चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून तयार होते, हे सांगितल्याशिवाय त्या कृतीचे कारण त्यांना उमगत नाही. आणि हे सांगणे पहिली-दुसरीतही मुळीच अवघड नाही.

२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्यात ‘माझी वसुंधरा’ हे पर्यावरण अभियान सुरू झाले आणि पुढे युनिसेफच्या सहकार्याने पहिली ते आठवीसाठी त्याच नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. अभियानाची मांडणी भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांवर केलेली आहे. ही निवड मला मोलाची वाटते, कारण ही नावे मुलाच्या कानावर घरीच पडलेली असतात आणि ऊर्जेसारखी अमूर्त कल्पना त्याला चुलीतल्या अग्नीपासून समजावून देता येते.