रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस

पोटात बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होऊन गेल्यावर साधारण १ ते ४ आठवड्यांनी सांधे सुजतात त्याला रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया हे नेहमीचे जंतू. क्लॅमिडियामुळे लघवीच्या मार्गात इन्फेक्शन झाल्यावरही होतो.

आपल्या ठाण्यात पावसाळ्यात जुलाब म्हणजे काही नवीन नाही, घोडबंदरला टँकरचं पाणी, कुठे सोसायटीची टाकी धुतलेली नसते, कुठे स्टेशनबाहेरची पाणीपुरी, मग दोन-चार दिवस ओआरएस आणि ताक-भात खाऊन माणूस परत लोकल पकडतो आणि विसरून जातो. तीन आठवड्यांनी सकाळी एक गुडघा टम्म सुजलेला, घोटा दुखतोय, टाच टेकवत नाही, एखादं बोट सॉसेजसारखं फुगलंय. घरात कोणी म्हणतं वात, कोणी चिकनगुनिया, कोणी युरिक अ‍ॅसिड. जुलाबाचं कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि डॉक्टरांना नेमकं तेच सांगायला हवं असतं. डोळे लाल झाले किंवा लघवीला जळजळ होत असेल तर तेही सांगा, सगळं एकाच आजाराचं असू शकतं.

सांध्यातलं पाणी काढून कल्चर केलं तरी त्यात जंतू वाढत नाहीत, कारण सूज येते ती शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीमुळे. एचएलए-बी२७ हा जीन असणाऱ्यांना धोका जास्त, पण तो असलेल्या सगळ्यांना होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो, त्यामुळे नुसत्या त्या टेस्टवर निदान ठरत नाही.

१९१६ मध्ये हान्स रायटर या जर्मन डॉक्टरने एका सैनिकाची अशी केस लिहिली आणि बरीच वर्षं आजाराला त्याचंच नाव होतं. पुढे तो नाझी राजवटीत छळछावणीतल्या प्रयोगांशी जोडला गेला, म्हणून ते नाव सोडलं, आणि सोडलं ते योग्यच झालं. आत्ताचं नाव १९६९ मध्ये फिनलंडमधून आलं.

उपचारात आधी सूज उतरवणाऱ्या पेनकिलर, गरज पडली तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन, लांबलं तर सल्फासालाझिन. पोटाचं इन्फेक्शन होऊन गेल्यावर सांध्यांसाठी म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन सहसा फायदा होत नाही, तरी मेडिकलवरून आणून लोक खातात ते बघून खरंच वाईट वाटतं. बहुतेकांना ६ ते १२ महिन्यांत बरं वाटतं, काहींचं मात्र रेंगाळतं. पण एकच सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर थांबू नका, सांध्यातच पू झालेला असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी हॉस्पिटल लागतं.