कार्ड बसतं, पण डिस्प्ले येत नाही

शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नचं डिझाइन करणारा असो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा असो की रात्री गेम खेळणारा कॉलेजचा पोरगा, चालता पीसी टाकून द्यायला कोल्हापुरात कुणी सहजी तयार होत नाही. इंटेलच्या एच-६१ चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप) मदरबोर्ड २०११ च्या सुमाराचा, पण अजून ठणठणीत. त्यात नवं ग्राफिक्स कार्ड घातलं की काम झालं, असा हिशेब. 'माझ्या बोर्डावर चालेल काय?' या प्रश्नाचं उत्तर मात्र पूर्वी नुसत्या नजरेनं देता यायचं, आता येत नाही.

कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या १९९२ च्या पीसीआय स्लॉटमध्ये सेकंदाला १३३ मेगाबाइटची वाट होती आणि ती सगळ्या कार्डांनी वाटून घ्यायची. थ्रीडी गेम आले तशी ती अपुरी पडली. म्हणून इंटेलनं एजीपी आणलं; १९९७ पासून ते बोर्डांवर दिसू लागलं. हा स्लॉट फक्त ग्राफिक्ससाठी. त्याचं व्होल्टेज मात्र बदलत गेलं: आधी ३.३, मग १.५, पुढे सिग्नलसाठी ०.८. चुकीचं कार्ड आत जाऊच नये म्हणून खाचांच्या जागा वेगळ्या ठेवल्या. तरी काही कार्डांना दोन्ही खाचा असायच्या आणि आतून ती ३.३ चीच. अशा कार्डानं १.५ व्होल्टचे बोर्ड जाळले. पण हे अपवाद. एरवी जे बसायचं ते चालायचं.

२००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेसचे बोर्ड आले आणि खाचेचा प्रश्नच मिटला. सोळा लेनच्या (लेन म्हणजे डेटा ये-जा करण्याची वाट) स्लॉटचा आकार तेव्हापासून तोच आहे. पहिल्या आवृत्तीत एका लेनला सेकंदाला २५० मेगाबाइट, म्हणजे सोळा लेनला ४ गिगाबाइट. पुढच्या प्रत्येक आवृत्तीत साधारण दुप्पट. नवं कार्ड जुन्या स्लॉटातही चालावं, ही अट दरवेळी पाळली गेली. खरी गोची इथूनच सुरू झाली, कारण आता काहीही कशातही बसतं. कारखान्यांच्या उद्यमनगरात बॅकप्लेट टर्न करून जुन्या लेथवर नवा चक (जॉब पकडणारा भाग) चढवतात आणि तो फिरतोच. इथं तसं होत नाही.

वेगाचं बघा. पूर्ण सोळा लेनचं कार्ड जुन्या आवृत्तीवर फार मागे पडत नाही. पण एएमडीचं २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेनवर चालतं. चौथ्या आवृत्तीत त्याला ८ गिगाबाइट मिळतात, दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर फक्त २. स्वस्त म्हणून जुन्या पीसीसाठी घेतलेलं कार्ड जुन्या पीसीतच सगळ्यात जास्त मार खातं.

विजेचा भाग सोपा आहे. स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनच्या वायरीतून १५०. एसएमपीएसवरच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या, वॅटच्या छापील आकड्यापेक्षा १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते वाचावं. जादा वायर न लागणारं एनव्हिडियाचं २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड सेकंडहँडमध्ये अजून विचारलं जातं, ते यामुळेच.

मग उरतं बायोस, म्हणजे पीसी चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम. कार्डावरही स्वतःचा एक छोटा प्रोग्राम असतो आणि पीसी चालू होताना बोर्ड तो वापरतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यावर नवे पीसी यूईएफआयकडे, म्हणजे बायोसच्या नव्या अवताराकडे, वळले, पाठोपाठ कार्डंही. मधली काही वर्षं कार्डांवर दोन्ही सोयी राहिल्या, तरी काही जुन्या बोर्डांचं नव्या कार्डांशी जुळत नाही: पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. कंपनीनं नवा बायोस दिला असेल तर काम होतं, पण इतक्या जुन्या बोर्डांचे अपडेट कधीच थांबलेत.

रिसायझेबल बारनं अंतर आणखी वाढवलं. प्रोसेसरला कार्डाची मेमरी एरवी २५६ मेगाबाइटच्या खिडकीतून दिसते. ही सोय ती खिडकी मोठी करते. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत ती २००८ पासून होती, गेमिंग पीसीत रुळली २०२० नंतर. इंटेलच्या २०२२ च्या आर्क कार्डांना तर ती हवीच. इंटेलनं त्यांच्यासाठी स्वतःचे दहाव्या पिढीपासूनचे प्रोसेसर सांगितलेत. एच-६१ वर चालतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे.

एवढं जुळलं तरी ड्रायव्हर राहतो. एनव्हिडियानं विंडोज ७ साठीचे नेहमीचे ड्रायव्हर २०२१ मध्ये बंद केले. जुनं कॅड (डिझाइनचं) सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर चालवणाऱ्यानं नवं कार्ड घेण्याआधी, आपलं डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) विंडोज १० वर चालतं का, ते तपासावं.