सादळलेल्या कपड्यातली थंडी

थर्मामीटर दोन्हीकडे ५ अंश सेल्सिअसच दाखवतो. कोरड्या प्रदेशात एक जाड स्वेटर चढवून माणूस उन्हात निवांत बसतो. दमट प्रदेशात तेवढ्याच कपड्यांत हुडहुडी भरते. ओली हवा अंगातली उष्णता जास्त वेगाने ओढून घेते, असं याचं कारण सर्रास सांगितलं जातं. आकडेमोड केली की ते टिकत नाही.

५ अंशांना १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ६.८ ग्रॅम बाष्प मावतं आणि त्या हवेचं स्वतःचं वजन असतं सव्वा किलो. एवढ्याशा बाष्पाने हवेची उष्णतावाहकता बदलते ती नगण्य. उलट कोरड्या हवेत त्वचेतून नकळत झिरपणारा ओलावा पटकन उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. म्हणूनच ऑस्ट्रेलियाचं हवामान खातं ‘जाणवणारं तापमान’ ज्या सूत्राने काढतं, त्यात ५ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० टक्क्यांच्या हवेपेक्षा दीड-पावणेदोन अंशांनी उबदार ठरते. अमेरिका आणि कॅनडात २००१पासून वापरात असलेल्या वाऱ्याच्या गारठ्याच्या सूत्रात तर आर्द्रता धरलेलीच नाही. त्यानुसार ५ अंशांना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, की ० अंशांइतका गारठा लागतो.

तरीही ओली थंडी हाडांत शिरते हा अनुभव खोटा नाही. हवेतला ओलावा अंगापर्यंत पोहोचतो तो कपड्यांच्या वाटेने. स्वेटरची ऊब म्हणजे धाग्यांमध्ये अडकलेली स्तब्ध हवा. तिची जागा पाण्याने घेतली की तिथून उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने वाहते. ६५ टक्के आर्द्रतेत १ किलो सुती कापड साधारण ८० ग्रॅम पाणी धरतं. हवा संपृक्त व्हायला, म्हणजे आर्द्रता १०० टक्क्यांवर पोहोचायला आली की २०० ग्रॅमच्या वर. धुकं असेल तर थेंब थेट कापडावर बसतात. शिवाय अंगातून निघणारं बाष्प बाहेरच्या थंड थरात अडकून तिथेच पाणी होतं. सादळलेला कपडा मग अंगाच्या उष्णतेवर वाळायला लागतो. १०० ग्रॅम पाणी उडवायला सुमारे २४० किलोज्यूल लागतात. ७० किलोच्या माणसाचं अख्खं शरीर १ अंशाने गार करायला जवळपास तेवढेच. ही तूट भरून काढायला स्नायू थरथरतात. त्यात त्वचेला ओल ओळखणारा वेगळा संवेदक नाही. गारवा आणि स्पर्श यांवरून मेंदू ती ताडतो. त्यामुळे गार कापडही ओलं वाटतं.

लोकर इथे उपयोगी पडते. ती वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं बाष्प धाग्यात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. म्हणून अंगालगत सुती बनियनऐवजी पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचा थर घालावा. चालून घाम आला तर थांबल्याबरोबर तोच थर बदलावा. वरून आणखी एक स्वेटर चढवणं हा चुकीचा उपाय आहे.

दुसरं मोठं कारण आकाश. कोरड्या प्रदेशात ते बहुधा निरभ्र असतं, दुपारचं ऊन अंगाला थेट तापवतं. सावलीत सरकलं की फरक लगेच कळतो. याच निरभ्र आकाशाखाली रात्री जमिनीची उष्णता भराभर निसटते, म्हणून कोरड्या भागात दुपारच्या कपड्यांच्या भरवशावर संध्याकाळी बाहेर राहू नये.

घरात २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, १२ अंशांवर येतो. त्याहून गार भिंतीवर पाणी धरतं, बुरशी येते, अंथरूण सर्द होतं. अशा खोलीत धुराडं नसलेली गॅसची शेगडी लावणं दुहेरी घातक: १ किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाणी हवेत सोडतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. विजेचा हीटर लावावा, खोलीत कपडे वाळत घालू नयेत आणि बाहेर जास्त गार असताना समोरासमोरच्या खिडक्या दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटं उघडाव्यात. आत येणारी हवा गार असली तरी तिच्यात बाष्प कमीच असतं.

कोरड्या गारठ्यात अडचण उलटी. बाहेरची ० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात २० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता २१ टक्क्यांवर येते. ओठ फुटतात, घसा सुकतो. हवेत बाष्प सोडणारा ह्युमिडिफायर ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच चालवावा आणि काचेवर पाणी धरू लागलं की बंद करावा. स्वस्त आर्द्रतामापक बरेचदा चुकीचा आकडा दाखवतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्याचा ओलसर लगदा होईल इतकंच पाणी घाला, मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत; जितका फरक येईल, तितका पुढच्या प्रत्येक वाचनात वजा किंवा अधिक करा.