स्क्रीन पाठवताना खरी माहिती भरून पाठवा
(स्वतः वेबसाइट बांधणाऱ्या आमच्या प्रोग्रामर ग्राहकांसाठी)

'कोड तयार आहे, आता फक्त जरा बरं दिसेल असं करून द्या.' आमच्याकडे येणारं बहुतेक काम याच वाक्याने सुरू होतं. करून देतो, वेबसाइटच्या डिझाइनचा आमचा धंदाच आहे. पण हात लावण्याआधी आम्ही एक गोष्ट मागतो आणि तिच्यावरून दर वेळी घासाघीस होते, म्हणून हे पत्रक. स्क्रीनवर 'टेस्ट १', 'अबक' किंवा लोरेम इप्सम (जागा भरायला टाकतात तो निरर्थक मजकूर) नको. खरा मजकूर हवा.

नावाच्या जागी 'टेस्ट' आहे तोवर कुठलंही कार्ड देखणंच दिसतं. तिथे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव आलं की ते दुसऱ्या ओळीत जातं आणि शेजारचं बटण खाली ढकललं जातं. पत्त्याचं विचारूच नका. खोली क्रमांक, चाळीचं नाव, गल्ली, अमक्या देवळासमोर, गिरगाव, मुंबई ४०० ००४ एवढं सगळं तुमच्या 'ॲड्रेस लाइन १' मध्ये मावतं का, ते आधी बघा. रक्कम १०० टाकून तपासलेली असते. पहिलं मोठं बिल निघतं तेव्हा साडेबारा लाख '१,२५०,०००' असे छापून येतात आणि दुकानदार शून्यं मोजत बसतो.

साइट मराठीत असेल तर आणखी गमती. इंग्रजीला ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट पुरते. मराठीत वर रफार-वेलांटी, खाली उकार. पेटीला ओव्हरफ्लो हिडन (पेटीबाहेर गेलेलं लपवणारी सूचना) लावलेलं असेल तर यातलं काहीतरी कापलं जातंच. आम्ही १.५ पटीपासून सुरुवात करतो. इंग्रजी साइटवरून उचललेलं लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मराठी मथळ्याला लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लांब नाव कापणारा तुमचा कोडही तपासा. जावास्क्रिप्टच्या लेखी 'श्री'ची लांबी ४ आहे: श, हलन्त, र आणि वेलांटी. दोनवर कापलंत तर नुसता पाय मोडलेला 'श्' उरतो. आणि नावात फक्त ए ते झेड चालेल अशी पडताळणी लिहिली असेल, तर मराठीत नाव भरणाऱ्याला 'इनव्हॅलिड नेम' असं उत्तर मिळतं. स्वतःचं नावच चुकीचं ठरवल्यावर माणूस पुढचा फॉर्म कशाला भरेल? यातलं काहीही 'टेस्ट १' मध्ये दिसत नाही.

खरी माहिती म्हणजे तुमच्या ग्राहकांचे मोबाइल नंबर आम्हाला धाडा असं नव्हे. नावं-नंबर बदला, लांबी तीच ठेवा. एकही ऑर्डर नसलेली रिकामी स्क्रीनही पाठवा. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा तीच दिसते.

काही गोष्टी तुम्ही घरीच उरकू शकता. पांढऱ्यावर फिकी करडी अक्षरं नकोत: साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीच्या) एए पातळीप्रमाणे अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट लागतो, आणि क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये रंग निवडतानाच तो आकडा दिसतो. रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा बारीक ठेवलीत तर आयफोनवर सफारी टाइप करताना स्क्रीन आपोआप मोठी करतं. रकान्याचं नाव प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणाऱ्या फिक्या अक्षरांत, लिहू नका. पहिलं अक्षर टाइप केलं की ते गायब. मराठी फॉन्ट हवा असेल तर 'मुक्ता' बघा, मुंबईच्याच 'एक टाइप'ने केलेला आहे आणि फुकट आहे. आणि फॉर्मचा क्रम डेटाबेसच्या टेबलवरून उतरवू नका, हे हात जोडून सांगणं. कस्टमर टाइप आयडी तुम्हाला आधी लागतो, माणसाला आधी आपलं काम सांगायचं असतं.

'मजकूर नंतर टाकू, तुम्ही रंग तर ठरवा' याला आम्ही नाही म्हणतो. काहींना ती अडवणूक वाटते. पण मजकूर आल्यावर तीच स्क्रीन पुन्हा उघडावी लागते, आणि त्या दुसऱ्या फेरीचं बिल तुमच्याच नावे निघतं. ते काढायला आम्हालाही आवडत नाही. मजकूर लिहायला वेळच नसेल तर तोही आम्ही मराठीत आणि इंग्रजीत लिहून देतो. त्याचा दर वेगळा, पण फेरी वाचते.

पहिल्या एका स्क्रीनची पाहणी आम्ही मोफत करतो. तिचे फोटो तुमच्या मोठ्या मॉनिटरवरचे नकोत. साध्या अँड्रॉइड फोनवर उघडा, जमलं तर गाडीत उभ्याने एका हाताने वापरून बघा, आणि अंगठा जिथे अडेल तिथला स्क्रीनशॉट पाठवा. सोबत फोनचं मॉडेल लिहा.