लूसीचा चेहरा कुणी पाहिला?

ज्वारीची कडक भाकरी चावताना कानशिलावर बोटं ठेवा. आत एक स्नायू फुगतो आणि सैल पडतो. हा स्नायू कवटीला जिथे चिकटतो, तिथे हाडावर बारीक कड उमटते. लाखो वर्षांनीही ती टिकू शकते, आणि आदिमानवाचा चेहरा घडवणाऱ्या शिल्पकाराला तीच पहिली वाट दाखवते.

आजच्या टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत १९५९ साली पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना मिळालेल्या आदिमानवाच्या कवटीच्या माथ्यावर तर हाडाची उभी धारच होती. जबड्याचे स्नायू इतके दांडगे, की दोन्ही बाजूंनी वर चढून माथ्यावर भिडलेले. अशा कवटीवर आपल्यासारखं उंच कपाळ बसवताच येत नाही.

चेहरा घडवण्याचं काम चालतं ते कवटीच्या साच्यावर. आधी कानशिलाचा स्नायू, मग गालाचा, मग ओठांभोवतीचा, असे मातीचे थर चढतात. त्वचा सगळ्यात शेवटी. मांस कुठे किती जाड असावं याची मापं असतात, पण ती आजच्या माणसांची आणि वानरांची. नाकाचा शेंडा, कान, ओठ यांचं हाडच नसतं. रंग आणि केसही हाडावरून कळत नाहीत. तिथून पुढे शिल्पकाराचा अंदाज सुरू होतो.

लूसीचंच घ्या. लूसी म्हणजे माणसाच्या एका प्राचीन नातलग जातीतली मादी, इथिओपियातल्या हदार इथे १९७४ साली सापडलेली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. सांगाड्याचा ४० टक्के भाग मिळाला म्हणून तिचं केवढं कौतुक! पण कवटीचे मोजके तुकडे आणि खालचा जबडा एवढंच हाती आलं. संग्रहालयांत दिसणारा तिचा चेहरा तिच्या जातीच्या इतरांच्या कवट्यांवरून घेतलेला आहे. म्हणूनच प्रत्येक ठिकाणची लूसी वेगळी दिसते.

अंदाज चुकला की तो फार काळ छळतो. फ्रान्समध्ये १९०८ साली निअँडरथलचा, म्हणजे आपल्या जवळच्या पण आता नामशेष झालेल्या मानवाचा, एक सांगाडा मिळाला. फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ मार्सेलीन बूल यांनी त्याला पोक काढून, गुडघ्यात वाकून चालणारा ठरवलं. त्याला संधिवात होता आणि निरोगी निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असणार, हे १९५७ साली नीट मांडलं गेलं. तोवर वाकलेला रानटी माणूस जगभर लोकांच्या डोक्यात बसला होता. आपल्याकडेही शाळांच्या भिंतींवर तोच उभा असतो, आणि मला हे मनापासून खटकतं.

मग आपल्या मातीतल्या प्राचीन जिवांची चित्रं कशी काढावीत? लातूर जिल्ह्यात मांजरा खोऱ्यात हरवाडीजवळ प्राचीन हत्तीचे जीवाश्म मिळाले आहेत. या खोऱ्यात पाणघोडेही होते. त्यांची चित्रं आपल्या चित्रकारांनी खुशाल रंगवावीत, कारण या प्राण्यांचे नातलग आजही जिवंत आहेत. माणूस काढायचा तर आधार घ्यावा लागेल नर्मदेकाठच्या हथनोरा इथल्या कवटीचा. भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना ती १९८२ साली मिळाली. भुवईचं जाड हाड आहे, माथ्याचा भाग आहे. जबडा नाही, भुवईखालचा चेहरा जवळजवळ नाहीच.

म्हणून माझा आग्रह आहे की भुवई आणि माथा ठळक रेषेत काढावा, बाकीचा चेहरा तुटक रेषेत, आणि ‘इथून खाली अंदाज’ असं चित्रावरच लिहावं. सहावीतल्या पोरालाही ते कळेल, आणि अंदाज कशावरून केला हे तो विचारेल.