खडकाळ उतारावर सायकलची बाटली केजमधून का निसटते?

पुण्याच्या टेकड्यांवरच्या वाटा पावसाळा संपला की बदललेल्या दिसतात. वरची माती वाहून गेलेली असते आणि खालचा मुरूम व काळ्या दगडाचे गोटे उघडे पडलेले असतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झालेला हा बेसाल्ट हवापाण्याने झिजतो, तेव्हा झीज भेगांच्या कडेने आत शिरते. त्यामुळे बाहेरचा भाग भुसभुशीत होतो आणि मधला टणक, गोलसर गाभा शिल्लक राहतो. वेताळ टेकडीपासून बावधन-पाषाणपर्यंत आणि कात्रजच्या पलीकडच्या डोंगरांत माउंटन बाइक चालवणाऱ्यांना हे गोटे चांगलेच ओळखीचे आहेत. डांबरी रस्त्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार बाटली सांभाळणारा केज, म्हणजे सायकलच्या फ्रेमवर पाण्याची बाटली धरून ठेवणारा सांगाडा, अशा वाटेवर पहिल्याच उतारात ती सोडून देतो. मग दोष त्याच्या ढिलेपणाला दिला जातो आणि पुढचा केज आणखी घट्ट पाहून विकत घेतला जातो. निवड चुकते ती इथेच, असे माझे स्पष्ट मत आहे. खडकाळ वाटेवर बाटली टिकते ती प्रामुख्याने तिच्या अंगावरची खाच आणि त्या खाचेत अडकणारे केजचे टोक, म्हणजे जीभ, यांच्या जुळणीमुळे. घट्टपणा त्यानंतर येतो.

प्रश्न क्षुल्लक वाटला तरी तो तसा नाही. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते आणि चढावर कष्ट करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाभरात लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. बहुतेक टेकड्यांवर माथ्यावर पिण्याचे पाणी मिळत नाही. शिवाय निसटलेली भरलेली बाटली मागच्या चाकाखाली आली, तर स्वार पडतो. ती उतारावरून घरंगळत गेली, तर सकाळी फिरायला आलेल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिकाच्या पायात येऊ शकते.

धक्क्यांचा हिशेब करून पाहू. वाटेवर साधारण 30 सेंटीमीटर अंतराने दगड आहेत आणि सायकलचा वेग ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर आहे, असे धरले तर चाकाला सेकंदाला जवळजवळ 17 धक्के बसतात. टायर आणि सस्पेन्शन यांनी बराचसा हादरा गिळला आणि फ्रेम आपल्या मधल्या स्थितीच्या फक्त 3 मिलिमीटर वर व 3 मिलिमीटर खाली हलली, तरीही तिचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे 3.4 पट होते. हालचाल डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी लहान असते, पण त्वरण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे आकडा एवढा मोठा येतो. वेग दुप्पट झाला आणि हालचाल तेवढीच राहिली, तर त्वरण चौपट होईल. हळू चालवताना शहाण्यासारखा वागणारा केज वेग वाढताच अचानक दगा का देतो, याचे हे एक कारण आहे.

चाक दगडावर चढते तेव्हा फ्रेम वर ढकलली जाते आणि बाटली केजच्या तळाशी अधिकच दाबली जाते. त्या क्षणी तिला काहीच धोका नसतो. धोका असतो तो चाक दगड ओलांडून खाली येताना. सायकल स्वारापेक्षा खूप हलकी असते आणि त्याचे हातपाय तिला सतत खाली दाबत असतात, त्यामुळे ती नुसती सोडून दिली असती त्यापेक्षा जास्त त्वरणाने खाली येऊ शकते. बाटलीला मात्र खाली ढकलणारे कोणी नसते. ती जडत्वामुळे मागे, म्हणजे वरच्या बाजूला, राहू पाहते. 750 मिलिलिटर पाण्याची बाटली प्लास्टिकसह सुमारे 840 ग्रॅम भरते. 3.4 पटींपैकी एक पट गुरुत्वाकर्षण स्वतःच पुरवत असल्यामुळे उरलेले 2.4 पट केजला पुरवावे लागते. त्या क्षणी जणू दोन किलो वजन बाटलीला केजमधून बाहेर खेचत असते, आणि हे सेकंदाला सतरा वेळा घडते.

डाऊन ट्यूब, म्हणजे हँडलखालून पेडलपर्यंत उतरणारी फ्रेमची नळी, जिच्यावर केज बसतो, जमिनीशी साधारण 45 अंशांचा कोन करते असे मानले, तर हा जोर दोन दिशांना विभागला जातो. निम्मा जोर म्हणता येणार नाही, कारण बलांची बेरीज सदिश पद्धतीने होते. प्रत्येक दिशेला सुमारे 14 न्यूटन, म्हणजे जवळपास दीड किलो वजनाइतका जोर येतो. एक भाग बाटलीला तिच्या लांबीच्या दिशेने वर सरकवतो आणि दुसरा तिला ट्यूबपासून दूर, केजच्या बाहूंवर (बाटलीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या भागांवर) ढकलतो. सपाटीवर ट्यूबच्या तिरकेपणामुळे गुरुत्वाकर्षणाचा सुमारे 71 टक्के भाग बाटलीला तळाशी धरून ठेवण्याच्या कामी येतो. वीस अंशांच्या उतारावर सायकलचे तोंड खाली झाले की ट्यूबचा क्षितिजाशी कोन 25 अंश उरतो आणि हा वाटा 42 टक्क्यांवर येतो. धक्के तेवढेच राहतात, पण बाटलीला जागेवर ठेवणारी फुकटची मदत कमी होते. त्यात स्वाराने ब्रेक दाबून वेग उतरवला, तर बाटली पुढे, अर्थात केजच्या तोंडाकडे, झेपावते. त्यामुळे केज पारखण्याची खरी जागा खडकाळ उतार हीच आहे. दुकानासमोरच्या फरसबंदीवर एक फेरी मारून त्याच्याविषयी काही कळत नाही.

आता नुसत्या घट्टपणाचे काय होते ते पाहू. लांबीच्या दिशेचा चौदा-पंधरा न्यूटनचा जोर फक्त घर्षणाने अडवायचा असेल आणि बाटली व केज यांमधला घर्षणांक 0.3 असेल, तर केजने बाटलीला एकूण सुमारे 50 न्यूटनांनी आवळले पाहिजे. बाटलीवर घाम किंवा पाणी ओघळले, वर धुळीचा लेप बसला आणि घर्षणांक निम्म्यावर आला, तर आवळणे दुप्पट करावे लागेल. एवढा घट्ट केज चालत्या सायकलवर एका हाताने बाटली काढू देणार नाही आणि मऊ प्लास्टिकची बाटली त्याखाली चेपून आणखीच निसटती होईल. दार नुसते लोटून घेणे आणि त्याला कडी लावणे यांत जो फरक आहे, तोच घर्षणाने धरणे आणि खाचेत अडकवणे यांत आहे. सायकलच्या प्रमाणित बाटलीचा व्यास 73 ते 74 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तिच्या वरच्या भागात सभोवार एक खोलगट खाच असते. चांगल्या केजला नेमक्या त्याच उंचीवर एक जीभ असते. बाटली पूर्ण आत गेली की ही जीभ खाचेत बसते आणि हाताला व कानाला एक स्पष्ट ‘टक्’ जाणवते. बाटली बाहेर यायची असेल तर आधी जीभ वाकली पाहिजे, आणि ती वाकवायला लागणारा जोर धुळीवर किंवा ओलाव्यावर फारसा अवलंबून नसतो.

म्हणून केज घ्यायला जाताना स्वतःची बाटली बरोबर न्यावी, किंवा दोन्ही एकत्रच घ्यावीत. काही बाटल्यांची खाच उथळ असते, काहींची थोडी वर किंवा खाली असते. तेवढ्याने जीभ नुसती बाटलीच्या अंगावर टेकून राहते. मिनरल वॉटरची बाटली केजमध्ये खोचून डोंगरात जाणारे अनेक जण दिसतात. तिला योग्य जागी खाच नसते आणि पाणी कमी झाले की तिच्या भिंती दबतात, त्यामुळे ती सुटणे जवळपास ठरलेले असते. स्टीलची गुळगुळीत बाटली दबत नाही, पण ती जड असते, आणि बाहेर फेकणारा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. त्याच कारणाने लिटरभराच्या एका उंच बाटलीपेक्षा फ्रेमवर जागा असेल तर दोन लहान बाटल्या बऱ्या. उंच बाटलीचा गुरुत्वमध्य बाहूंच्या वर राहतो आणि ती तरफेसारखी हलून जीभ सैल करत राहते.

बाहूंचे काम बाटलीला ट्यूबपासून दूर जाऊ न देण्याचे आहे. त्यासाठी त्यांनी बाटलीचा अर्ध्याहून अधिक घेर कवेत घेतलेला असावा. केज समोरून पाहताना बाहूंची टोके बाटलीच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढे येऊन किंचित आत वळलेली दिसली पाहिजेत. त्यानंतर प्रश्न येतो द्रव्याचा. ॲल्युमिनियमच्या सळईचा केज स्वस्त आणि हलका असतो आणि सैल झाला तर हाताने दाबून पुन्हा आवळता येतो, म्हणून तो सर्वत्र दिसतो. मात्र धातू कायमचा वाकवणे वेगळे आणि तो लवचीकपणे वाकून परत येणे वेगळे. पहिली गोष्ट वारंवार केली की त्याच जागी तडा जातो. ॲल्युमिनियमची आणखी एक अडचण आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एका झटक्यात सहज पेलला जाणारा ताणही पुनःपुन्हा दिला तर लोखंडी आस मोडू शकतो. पोलादाच्या बाबतीत साधारणपणे ताणाची अशी एक मर्यादा सापडते, जिच्याखाली कितीही आवर्तने झाली तरी ते टिकते. ॲल्युमिनियमला अशी ठळक मर्यादा नसते. सेकंदाला 17 धक्के म्हणजे तासाला 61,200, म्हणजे सोळा-सतरा तासांच्या खडकाळ उतरणीत दहा लाखांचा टप्पा येतो. सळईला जिथे वेल्डिंग असते, तिथेच असे केज बहुधा तुटतात.

मला स्वतःला पुण्याच्या वाटांसाठी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा केज सर्वांत योग्य वाटतो. त्याचा ताठरपणा ॲल्युमिनियमच्या कितीतरी खाली असला, तरी कायमचा न वाकता तो बराच वाकू शकतो आणि जिभेला नेमका हाच गुण हवा असतो. उन्हात तापून तो थोडा नरम पडतो आणि अनेक उन्हाळ्यांनंतर अतिनील किरणांनी ठिसूळ होऊ लागतो, त्यामुळे पृष्ठभाग पांढुरका आणि खडबडीत दिसू लागला की तो बदलावा. कार्बन फायबरचे केज वीस-तीस ग्रॅमचे असतात आणि चांगल्या बनावटीचे असतील तर घट्ट धरतात; पण दगडावर आपटल्यावर ते वाकत नाहीत, चिरतात, आणि चीर लवकर दिसत नाही. स्टेनलेस स्टीलचा केज जड आणि दीर्घायुषी असतो. लांबच्या मुक्कामी प्रवासाला तो उत्तम.

केज कितीही चांगला असला, तरी तो फ्रेमला धरून ठेवणारे दोन बोल्ट सैल झाले की सगळेच व्यर्थ. हे बोल्ट 5 मिलिमीटर व्यासाचे असतात आणि त्यांच्यातले अंतर जवळजवळ सर्व सायकलींवर 64 मिलिमीटर असते. 1969 मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवले, की बोल्ट सैल करण्यात अक्षाला आडव्या दिशेने होणारी हालचाल सर्वांत घातक ठरते. जोडलेले भाग एकमेकांवर किंचित घसरले की आट्यांमधले घर्षण त्या क्षणापुरते जणू नाहीसे होते आणि बोल्ट स्वतःहून उलटा फिरू लागतो. बाटलीचा लांबीच्या दिशेचा जोर केजच्या बोल्टांवर नेमका असाच आडवा येतो. उपाय दोन. बोल्ट पुरेसा आवळलेला असावा, साधारण 2 ते 3 न्यूटन-मीटर. आणि त्याच्या आट्यांवर पुन्हा उघडता येईल अशा निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब असावा. ॲलन की हातात आली की जोर लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. फ्रेममध्ये रिव्हेटसारखे बसवलेले नट त्या जोराने जागेवरच गरगर फिरू लागतात आणि मग बोल्ट ना आवळता येतो, ना काढता येतो. कार्बनच्या फ्रेमवर तर ही दुरुस्ती फारच नाजूक होते.

फ्रेमची मापे केजच्या निवडीत आडवी येतात. फुल सस्पेन्शन, म्हणजे मागच्या चाकालाही सस्पेन्शन असलेल्या, सायकलींत शॉक (मागचे धक्के झेलणारा भाग) फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात असतो आणि लहान मापाच्या फ्रेममध्ये बाटली वरून काढायला जागाच उरत नाही. अशांसाठी बाजूने उघडणारे केज मिळतात. आपण ज्या हाताने पाणी पितो, त्या हाताच्या बाजूचा केज मागून घ्यावा, कारण डावा आणि उजवा वेगळा असतो. बाजूच्या केजमध्ये एका बाजूचा बाहू आखूड असतो, त्यामुळे तिथे जीभ अधिक खोल बसणारी पाहावी. विकत घेण्याआधी शॉकमधली हवा सोडून मागचे सस्पेन्शन पूर्ण दाबून बघावे आणि बाटली कुठे टेकत नाही याची खात्री करून घ्यावी. हवा परत भरायला शॉकचा स्वतंत्र पंप लागतो, म्हणून हे दुकानातच करून घेणे सोयीचे. जर्मनीच्या फिडलॉक कंपनीची चुंबकीय पद्धतही अशा अरुंद जागेत उपयोगी पडते. तिच्यात चुंबक बाटलीला जागेवर ओढून नेतात, पण धरून ठेवण्याचे काम यांत्रिक खोबणी करतात, आणि बाटली पिळल्याशिवाय सुटत नाही.

काही फ्रेमना डाऊन ट्यूबच्या खालच्या बाजूलाही बोल्टची भोके असतात. ती जागा मी पिण्याच्या पाण्यासाठी मुळीच सुचवणार नाही. तिथे बाटली उलटी लटकते, म्हणजे गुरुत्वाकर्षण तिला केजच्या बाहूंवर सतत ओढत राहते, आणि पुढच्या चाकाने उडवलेला सगळा चिखल तिच्या तोंडावर बसतो. 2007 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका माउंटन बाइक स्पर्धेनंतर अनेक स्पर्धक कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे पोटाच्या विकाराने आजारी पडले आणि तपासात चिखल तोंडात जाण्याशी त्याचा संबंध आढळला. आपल्या टेकड्यांवर गुरे चरतात, कुत्री फिरतात. पावसाळ्यात तर बाटली कुठेही लावलेली असो, तिच्या तोंडावर झाकण असलेच पाहिजे. खालच्या जागी अवजारांचा डबा पट्ट्याने बांधावा.

घरी करता येण्याजोगी तपासणी सोपी आहे. बाटली काठोकाठ भरून केजमध्ये बसवावी, सायकलचे पुढचे चाक हातभर उचलून सोडावे, असे काही वेळा करावे आणि जीभ खाचेत जशीच्या तशी आहे का ते वाकून पाहावे. नंतर कोणाची तरी मदत घेऊन सायकल तोंड खाली करून धरावी आणि फ्रेमवर तळहाताने जोरात थापा माराव्यात. बाटली एखादा मिलिमीटर जरी सरकली, तरी ती जोडी बदलावी किंवा बाटलीभोवती केजसकट रबरी पट्टा बांधावा. पट्ट्याने पाणी काढायला वेळ लागतो, पण खडकाळ वाटेवर तशीही थांबूनच पाणी प्यावे. बोल्ट आवळून झाल्यावर त्याच्या डोक्यावरून फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढावी. पुढच्या फेरीनंतर सायकल धुताना रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट फिरला आहे. तो काढून आटे पुसावेत, थ्रेडलॉकर नव्याने लावावे आणि ते सुकायला एक रात्र द्यावी.