घडणावळ : हाताने घडवलेल्या दागिन्याची पार्श्वभूमी

सराफाच्या पावतीवर सोन्याच्या वजनाखाली एक वेगळी ओळ असते : घडणावळ. हल्ली तिथे ‘मेकिंग चार्जेस’ असे छापतात आणि ती रक्कम बहुधा सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत काढतात. म्हणजे भाव चढला की कारागिराने एक ठोका जास्त न मारताही घडणावळ वाढते. पूर्वी गिऱ्हाईक घरचेच सोने, एखादी मोडीत काढलेली पाटली, ठरलेल्या सोनाराकडे नेत असे आणि त्याला द्यायची ती निव्वळ हाताची मजुरी. हस्तनिर्मित दागिन्याला आज जे वेगळे मोल आले आहे, त्याचा माग याच ओळीतून काढता येतो.

घडण म्हणजे काय ते कोल्हापुरी साजावरून समजते. परंपरेने त्यात २१ पाने मानतात : दशावतारांची १०, अष्टमंगलाची ८, माणिक आणि पाचूची २ आणि एक तावीज, मधून जवाच्या आकाराचे मणी ओवलेले. पातळ पत्रा ठशावर ठोकून त्याला उठाव आणायचा, सांध्याला डाग, म्हणजे जोडणारा मिश्रधातू, आणि तो नीट धरावा म्हणून टाकणखार लावायचा, फुंकणीने ज्योत नेमकी तेवढ्याच जागी न्यायची आणि पोकळीत लाख भरायची. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली, तर डागाबरोबर पानही वितळते. लाखेमुळे थोड्या सोन्यात भरदार दागिना होतो आणि तो चेपत नाही. मात्र मोडीच्या वेळी तिचे वजन वजा होते, आणि त्यावरून पेढीवर होणारी वादावादीही तितकीच जुनी आहे.

या हाताला मोठा धक्का बसला तो सरकारी धोरणाने. १९६२च्या चीन युद्धानंतर अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रण लागू केले आणि १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. १४ कॅरट म्हणजे शेकडा सुमारे ५८ भाग सोने, बाकी तांबे-चांदीसारखी भर; २२ कॅरटच्या सवयीच्या हाताला ही धातू कडक लागते. असंख्य सोनारांचे काम गेले. शुद्धतेची अट १९६६मध्ये उठली खरी, पण १९६८च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि सोने बाळगण्याच्या मर्यादा मागे लावून दिल्या. तो कायदा १९९०मध्ये रद्द झाला तेव्हा अर्थमंत्री होते राजापूरचे खासदार मधू दंडवते. माझ्या मते या सत्तावीस वर्षांत सर्वांत अधिक नुकसान झाले ते बापाच्या शेजारी बसून शिकणाऱ्या पोरांचे.

नंतर बाजार खुला झाला, तो यंत्रांसाठीही. कास्टिंगमध्ये रबरी साच्यातून मेणाचे नमुने काढतात, ते फांद्यांसारखे एका दांड्याला जोडून त्यांचे झाड रचतात, भोवती प्लास्टर ओततात आणि मेण जळून गेलेल्या पोकळीत सोने भरतात. एका खेपेत हुबेहूब सारखे अनेक नग तयार होतात. ‘हस्तनिर्मित’ हे विशेषण लावावेसे वाटू लागले ते यानंतरच, कारण त्याआधी दागिना बहुतेक हाताचाच असे. २०००मध्ये ऐच्छिक म्हणून आलेले सोन्याचे हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत ठसा उमटवणे, जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. त्याच्या सहा अक्षर-अंकी क्रमांकावरून शुद्धता पडताळता येते, पण नग कोणाच्या हातचा आहे याबद्दल ठसा काही बोलत नाही.

म्हणूनच हाताचे काम दाखवू पाहणारे आजचे अनेक कारागीर चांदी, तांबे आणि पितळेकडे वळले आहेत. पैंजणांसाठी नावाजलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीमुळे चांदीकामाची मोठी परंपरा जवळच होती. सोन्याचे पाणी दिलेली चांदीची ठुशी आज सुती कुर्त्यावर, कामाच्या दिवशीही घातली जाते. ती लग्नात आलेली नसते, घालणारीने आपल्या पगारातून, आपल्या पसंतीने घेतलेली असते. अडीअडचणीला मोडण्यासाठी ती नाहीच. धातूचे मोल कमी असल्याने तिच्या किमतीत मोठा वाटा घडणावळीचा असतो. तिच्या पावतीवर बहुधा एकच आकडा असतो. वजन विचारले तरच सांगतात.